गाडीवरची गाडी लेट झाली तर काय करायचं?

देवगडी_डोंबिवलीकर | ९ ऑगस्ट २०२५, सकाळी ८:४०

मंडळी, यंदा गणपतीला कोकण रेल्वेच्या नव्या रो-रोने जायचं घाटतंय. कार वॅगनवर आणि आपण त्याच गाडीला जोडलेल्या डब्यात. २३ तारखेला कोलाडहून पहिली फेरी आहे. आधी थेट वेर्ण्यालाच उतरवणार होते, त्यामुळे आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना गोव्यातून उलटं यावं लागलं असतं. आता नांदगावला थांबा दिलाय. नांदगावला कारचे ५,४६० रुपये, वेर्ण्याला ७,८७५. माणसांचं तिकीट वेगळं. नांदगाव तिठ्यावरून देवगडच्या रस्त्याला लागलो की घर, म्हणजे आमच्यासाठी अगदी दारात.

दुपारी कोलाडहून सुटून रात्री दहाच्या सुमारास नांदगाव, असं कागदावर आहे. माझा प्रश्न कागदाबाहेरचा आहे. ऑगस्टातलं कोकण, एकेरी मार्ग, त्यात गणपतीच्या जादा गाड्या. ही गाडी चार-सहा तास लेट झाली, किंवा मध्येच कुठेतरी रात्रभर उभी राहिली, तर? बरोबर बायको आणि सात वर्षांची मुलगी असेल. नेहमीच्या गाडीतून माणूस वैतागून चिपळूणला उतरतो आणि एसटी पकडतो. इथे कार वर अडकलेली. अशा गाडीचा अनुभव असलेलं कुणी आहे का इथे? तयारी काय करावी?

(रस्त्याने का जात नाही हे कृपया विचारू नका. गेल्या वर्षी माणगावात जेवढा वेळ उभा होतो तेवढ्यात लेक दोन-तीन अक्षरं लिहायला शिकली असती.)

मालवणी_गजाली | ९ ऑगस्ट, सकाळी ९:०२

कित्याक हो उपद्व्याप? रातची गाडी पकड, सकाळी कणकवलेक उतार. तिठ्यार रिक्षा असत. गाडयेर गाडी चढवन जाणां म्हणजे घोड्याक खांद्यार घेवन चलण्यासारख्या झाला.

चहा_कटिंग | ९ ऑगस्ट, सकाळी ९:१०

गजाली, रातच्या गाडीचं तिकीट तुम्ही काढून देता का? चार बर्थ. वेटिंग चालेल.

मालवणी_गजाली | ९ ऑगस्ट, सकाळी ९:११

माझा नेटवर्क गेला.

घाटावरची | ९ ऑगस्ट, सकाळी ९:४५

मला एक कळलं नाही. आपण आपल्याच कारमध्ये का बसू शकत नाही? एसी आहे, सीट आहे, गाणी आहेत. डब्याचं तिकीट कशाला?

सिग्नल_पिवळा | ९ ऑगस्ट, सकाळी १०:३०

उघड्या वॅगनवर उभ्या असलेल्या बंद कारमध्ये इंजिन चालू ठेवून बोगद्यातून जायचं? नको हो ताई. शिवाय वर विजेची तार आहे. कुणी लेकराला हौसेने सनरूफमधून उभं केलं तर काय होईल, विचार करा. २०२२पासून रोह्यापासून खालपर्यंत सगळा मार्ग विद्युतीकरण झालेला आहे.

मी रेल्वेत होतो (कोकण रेल्वेत नव्हे, पण ऑपरेटिंगमध्येच), म्हणून मूळ प्रश्नावर थोडं लिहितो.

रोहा ते वीर दुहेरी मार्ग २०२१मध्ये झाला. म्हणजे कोलाडहून सुटल्यावर पहिला तासभर तुम्हाला वाटेल, वा, काय पळतेय. वीरच्या पुढे एकेरी. तिथे क्रॉसिंगचा खेळ सुरू. समोरून गाडी येतेय, तुम्ही लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभे. ती गेली की मागून जलद गाडी येतेय, अजून उभे. रेल्वेत एक साधी गोष्ट असते : वेळेवर चाललेली गाडी सगळे सांभाळतात, चुकलेल्या गाडीला कुणी विचारत नाही. एकदा तास गेला की तो दोनाचे तीन करत जातो. त्यात पावसाळ्यात वेग मुळातच कमी ठेवलेला असतो, त्यासाठी वेळापत्रकच वेगळं असतं. त्यामुळे दोन-तीन तासांचा उशीर मी उशीर धरणारच नाही. तो गृहीत धरूनच निघा.

खरी भानगड म्हणजे मार्ग बंद होणं. गेल्या वर्षी, १४ जुलै २०२४ला, दिवाणखवटीजवळ दरड आली आणि जवळपास दिवसभर वाहतूक ठप्प होती. त्याच्या चार-पाच दिवस आधीच पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं होतं. असं झालं की नियंत्रण कक्ष गाड्या मोठ्या स्टेशनात धरून ठेवायला बघतो, म्हणजे निदान पाणी आणि खायला मिळतं. पण तुमची गाडी त्या वेळी दोन छोट्या स्टेशनांच्या मधे असली तर छोट्या स्टेशनात थांबेल. तिथे फलाटावर एक नळ, एक कुत्रा.

आणि तुमची शंका बरोबर आहे. कार उतरवायला रॅम्प लागतो. तो जिथे आहे तिथेच कार खाली येणार. चिपळूणला गाडी दहा तास उभी राहिली तरी तुमची कार चिपळूणला उतरणार नाही, स्टेशन मास्तरच्या हातापाया पडलात तरी.

देवगडी_डोंबिवलीकर | ९ ऑगस्ट, सकाळी ११:१५

हेच मला हवं होतं, काका. घाबरलोही आणि बरंही वाटलं.

खवचट_मांजर | ९ ऑगस्ट, दुपारी १२:०५

सगळे गाडीच्या उशिराचं बोलताहेत. तुम्ही डोंबिवलीहून कोलाडला वेळेत पोचणार आहात हे कुणी ठरवलं? पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे. शनिवार, गणपतीच्या आधीचा. गाडी अगदी वेळेवर सुटेल आणि तुम्ही वडखळला तिला टाटा कराल.

पेणची_लेक | ९ ऑगस्ट, दुपारी १२:४०

मांजर खवचट आहे पण खरं बोलतेय. माझं माहेर पेणला. त्या आठवड्यात मूर्तींचे टेम्पो, चाकरमानी आणि शनिवार-रविवारचे अलिबागवाले, तिघं एकाच रस्त्यावर असतात. कार तीन तास आधी आणायला सांगितली आहे ना? मग पहाटे पाचला घर सोडा. लवकर पोचलात तर कोलाडला नदी आहे, बघत बसा.

व्हर्जिनियात_वरण | ९ ऑगस्ट, रात्री ८:५०

इथे सकाळ आहे, कॉफी घेऊन लिहितोय, त्यामुळे लांबेल.

अशा गाडीतून मी दोनदा गेलोय. अमेरिकेत ॲमट्रॅकची ऑटो ट्रेन आहे, व्हर्जिनियातलं लॉर्टन ते फ्लोरिडातलं सॅनफर्ड. ८५५ मैल, म्हणजे आपले साधारण १,३७५ किलोमीटर. संध्याकाळी पाचला सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोचवते. १९७१मध्ये एका खाजगी कंपनीने ही कल्पना सुरू केली, ती दहा वर्षांत बुडाली, मग १९८३पासून ॲमट्रॅक चालवते. मध्ये फ्लोरेन्स नावाच्या गावी कर्मचारी बदलायला थांबते, पण प्रवाशांना चढउतार नाही. म्हणजे एकदा बसलात की बसलात.

माझ्या दोन्ही फेऱ्या वेळेत झाल्या, रडगाणं काही नाही. पण पहिल्या वेळी शिकलो ते सांगतो. लॉर्टनला कार ताब्यात देताना दारावर एक मोठा चुंबकी आकडा चिकटवतात. तो चिकटला की कार तुमची नाही. मधे कधीही, कसल्याही कारणाने, कारपाशी जाता येत नाही. बायकोची मायग्रेनची गोळी डॅशबोर्डच्या कप्प्यात राहिली होती. चालत्या गाडीत आपलीच कार साठ-सत्तर पावलांवर आहे, आत गोळी आहे, आणि ती उद्या सकाळी मिळणार. सतरा तास वेळेत गेले तरी ते सतरा तास घरात मोजले जातात अजून.

दुसरं, पोचलो म्हणजे सुटलो असं नाही. कार चढवल्या त्या क्रमाने उतरत नाहीत. सगळे बाकांवर बसून आपला आकडा पुकारायची वाट बघतात, लग्नाच्या पंगतीत दुसरी पंगत कधी उठते बघत बसावं तसं. जास्त पैसे भरून आधी उतरवून घ्यायची सोयही आहे, म्हणजे बघा.

आता उशिराचं. जानेवारी २०२३मध्ये याच गाडीच्या पुढे दक्षिण कॅरोलिनात एक मालगाडी रुळांवरून घसरली. ऑटो ट्रेन दुसऱ्या मार्गाने वळवली, तेवढ्यात चालक-गार्डचे कायद्याने ठरलेले तास संपले, नवे कर्मचारी येईपर्यंत गाडी उभी. सतरा तासांचा प्रवास सदतीस तासांवर गेला. इथल्या बातम्यांत सगळं आलं होतं : खाणं संपत आलं, बाळांचे डायपर संपले, लोकांनी पोलिसांना फोन लावले. शेवटी गाडीतून घोषणा करावी लागली की कृपया पोलिसांना फोन करू नका, तुम्हाला कुणी ओलीस धरलेलं नाही. आणि लोक उतरू का शकत नव्हते? देवगडीने विचारलं तेच. कार वर होती.

म्हणून माझं एकच सांगणं. बॅग भरताना कार नाहीच असं समजून भरा. लागणारं सगळं हातात, डब्यात. कारमध्ये फक्त तेच ठेवा जे दोन दिवस मिळालं नाही तरी चालेल.

घाटावरची | ९ ऑगस्ट, रात्री ९:२०

बापरे. सदतीस तास, आणि गोळी साठ पावलांवर. वरणभाऊ, बायकोने माफ केलं का?

व्हर्जिनियात_वरण | ९ ऑगस्ट, रात्री ९:३१

प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

वकिलीणबाई | १० ऑगस्ट, सकाळी ७:५५

न्यायप्रविष्ट वाचून आले. 😄

उशिराच्या पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नेहमीच्या आरक्षित तिकिटाला नियम असा की गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर पूर्ण परतावा. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायला हवा. हे तुमच्या स्टेशनातून सुटायच्या उशिराबद्दल आहे. वाटेत अडकलात तर हा नियम उपयोगाचा नाही. कारच्या भाड्याचं मात्र वेगळं, तिथे नोंदणी करताना दिलेल्या अटी वाचा, माणसाच्या तिकिटाचे नियम कारला लावू नका.

नुकसानभरपाई म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये एका निकालात स्पष्ट केलंय : उशीर आमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने दाखवायला हवं, नाही तर भरपाई द्यावी लागेल. त्या प्रकरणात जम्मूला जाणारी गाडी चार तास लेट झाली होती आणि एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं होतं. आता तुमच्या बाबतीत दरड कोसळली तर ते हाताबाहेरचंच धरतील. तरीही पावत्या, गाडी कुठे किती वेळ उभी होती त्याच्या नोंदी, स्क्रीनशॉट जपून ठेवा.

खवचट_मांजर | १० ऑगस्ट, सकाळी ८:२०

त्या प्रकरणातली गाडी लेट कधी झाली होती?

वकिलीणबाई | १० ऑगस्ट, सकाळी ८:२६

२०१६मध्ये.

खवचट_मांजर | १० ऑगस्ट, सकाळी ८:२७

म्हणजे गाडी चार तास लेट आणि निकाल पाच वर्षं लेट. बरं.

निवांत_नाना | १० ऑगस्ट, सकाळी १०:००

ट्रकवाल्यांची रो-रो कोकण रेल्वेवर १९९९पासून आहे, हे नवीन पोरांना माहीत नसेल. माझे एक मामा ट्रक चालवायचे, कोलाडहून वेर्ण्याला कैक वेळा गेले. तिथे उलटा न्याय. ड्रायव्हर आपल्या ट्रकच्या केबिनमध्येच बसून जातो. मामा म्हणायचे, गाडी लेट झाली तर चांगलंच, झोप पूर्ण होते. त्यांचं घरच केबिनमध्ये. पाण्याचा कॅन, भाकऱ्या, लसणाची चटणी, कांदा, चादर, रेडिओ, देवाचा फोटो. आठ तासांचे चौदा झाले तरी त्यांच्या दिनक्रमात फरक पडायचा नाही.

आपल्या लोकांचा उशीर अवघड होतो कारण आपण "दहाला पोचू, घरी जाऊन जेवू" म्हणून निघतो. मामा "पोचलो की पोचलो" म्हणून निघायचे. भाकरी घ्या हो. पोळी दुसऱ्या दिवशी वातड होते, भाकरी-चटणी टिकते. दशम्या त्याहून टिकतात. आणि नांदगावला रात्री दहाला पोचाल असं घरी सांगूच नका, उद्या सकाळी येतो सांगा. लवकर पोचलात तर आनंद.

सिग्नल_पिवळा | १० ऑगस्ट, सकाळी १०:४०

नानांच्या मामांना सलाम. हे सगळ्यात व्यवहारी उत्तर.

चहा_कटिंग | १० ऑगस्ट, सकाळी ११:३०

माझी भर. हा अनुभव रो-रोचा नाही, एका साध्या गाडीचा, नाव लिहीत नाही. पावसात सात तास उभे होतो, बाहेर काळोख.

पहिल्या दोन तासांत सगळ्यांनी रील बघून बॅटरी संपवली. चौथ्या तासाला खरंच घरी फोन करायची वेळ आली तेव्हा आमच्या बाकांच्या अख्ख्या खणात एका आजींचा साधा फोन चालू होता. त्यावरून अकरा माणसांनी घरी कळवलं. आजी प्रत्येकाला "जेवलास का म्हणून विचारतात का बघ" सांगत होत्या.

दुसरं म्हणजे संडास. पाणी संपतं. पाचव्या तासानंतर तिकडे जाऊ नये अशी परिस्थिती. लहान मूल आहे तर गाडी एखाद्या बऱ्या स्टेशनात उभी असतानाच नेऊन आणा, "नंतर जाऊ" नको. प्यायचं पाणी सोडून वापरायची एक मोठी बाटली वेगळी.

ठाण्याची_थट्टा | १० ऑगस्ट, दुपारी १:१५

आपण सगळे मुंबईकर २६ जुलै बघितलेले, आपल्याला काय उशिराचं कौतुक. जुलै २०१९मध्ये बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, आठवतंय? हजारावर लोक होते, एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं. तेव्हा रेल्वे सारखं सांगत होती की डब्यातून उतरू नका. बाहेर पाणी असताना डबा हीच सगळ्यात सुरक्षित जागा. देवगडी, मुख्य सूचना हीच : कितीही वैतागलात तरी मधेच रुळांवर उतरून वॅगनपर्यंत चालत "जरा कारमधून बॅग काढतो" करू नका. शेजारच्या रुळावर गाडी येते ती कळत नाही.

देवगडी_डोंबिवलीकर | १० ऑगस्ट, दुपारी २:००

नाही हो, एवढा शूर मी नाही.

सगळ्यांचं वाचून यादी करतोय. अजून एक प्रश्न. कारमध्ये डॅशकॅम आहे, पार्किंग मोडवर असतो. बंद करावा?

सिग्नल_पिवळा | १० ऑगस्ट, दुपारी २:२५

बंद. वॅगन हलते म्हणजे त्याला वाटतं कुणी धक्का देतंय, रेकॉर्डिंग चालूच राहील. आठ तास ठीक, वीस तास झाले तर नांदगावला बॅटरी उतरलेली कार, पाऊस आणि मध्यरात्र. तुमच्या मागे उतरायला थांबलेले लोक तुमच्या कुळाचा उद्धार करतील. अलार्मही असाच केकाटतो, तो बंद कसा करायचा ते आधीच शिकून घ्या.

पेणची_लेक | १० ऑगस्ट, दुपारी ३:३०

आणखी एक गोष्ट कुणी काढली नाही. ही फेरी होणार का? १६ कार भरल्या नाहीत तर फेरी रद्द करून नोंदणीचे पैसे परत, असं जाहीर केलंय. क्षमता ४० कारची आहे. म्हणजे सगळ्यात मोठा उशीर हा असू शकतो की गाडीच नाही. तेव्हा रस्त्याने निघायची तयारी ठेवूनच बसा. हवा, वायपर, टाकी, सगळं.

मालवणी_गजाली | १० ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०

नेटवर्क इला. पुन्ना विचारतंय, रागावा नको. कार व्हयीच कित्याक? गावाक कोणाक तरी सांग, तिठ्यार न्हेवक येतीत.

देवगडी_डोंबिवलीकर | १० ऑगस्ट, रात्री ९:४५

गजालीकाका, आता खरं सांगतो. आईचे गुडघे हे कारण मी घरात सगळ्यांना सांगितलंय, पण आई या गाडीने येतच नाहीये. एका कारमागे तीनच माणसं घेतात, त्यामुळे ती भावाबरोबर आदल्या दिवशी साध्या गाडीने जाणार. म्हणजे जिच्यासाठी कार नेतोय ती कारच्या आधी पोचणार.

खरं कारण वेगळं आहे. लेकीने जुलैत एका शिबिरात शाडूची मूर्ती केलीय. आठ इंच असेल. सोंड जरा उजवीकडे, जरा समोर, कुठे चाललीय ते तिलाच माहीत. पण तिचं म्हणणं, यंदा गावच्या घरात हीच बसवायची. गावात आमची मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यातून, येते, त्या मूर्तिकारकाकांना फोन केला तर ते म्हणाले, घेऊन ये, दोन्ही पाटावर ठेवू, सोंड लागली तर मी नीट करून देईन. आता ती कच्ची मातीची मूर्ती भरल्या गाडीत, गर्दीत, खांद्यावरून न्यायची हिंमत होत नव्हती. कारच्या मागच्या सीटवर नीट बसवून नेऊ असं ठरवलं होतं. आणि आता वरणभाऊंचं वाचल्यापासून पोटात गोळा आलाय.

घाटावरची | १० ऑगस्ट, रात्री ९:५८

अहो, हे आधी सांगायचं ना!

व्हर्जिनियात_वरण | १० ऑगस्ट, रात्री १०:१०

कारमध्ये अजिबात ठेवू नका. दोन दिवस मिळालं नाही तरी चालेल असं ते नाही.

खवचट_मांजर | १० ऑगस्ट, रात्री १०:१४

कारमागे तीनच माणसं ना? मग चौथ्याचं काय करणार? (पहिल्यांदाच प्रेमाने विचारतेय.)

पेणची_लेक | १० ऑगस्ट, रात्री १०:४०

ऐका. आमच्या घरात तीन पिढ्या मूर्तीच केल्या. वॅगनचा हादरा कारच्या सीटवर वेगळाच बसतो, त्यात बंद काचा आणि दमट हवा. शाडूला ओल लागली की सोंड आणि कान आधी जातात. डब्यातच न्या. रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बादली घ्या. तळाला सुका पेंढा दाबून भरा, मूर्ती मऊ सुती कापडात सैल गुंडाळा, हात आणि सोंडेच्या बाजूला कापसाच्या गुंडाळ्या, मग चारी बाजूंनी पेंढा. पिशवीत बंद करू नका, घाम धरते. वर नुसतं कापड. वर्तमानपत्र ठासू नका, कडक लागतं. आणि २३चीच फेरी धरा, २५ला ढकलू नका. चतुर्थी २७ची आहे. २३ला निघून दीड दिवस अडकलात तरी मूर्तिकारकाकांच्या हाताखाली मूर्ती सुकायला वेळ आहे. २५ला निघालात तर नाही.

पेंढा मुंबईत मिळणार नाही. पहाटे येताना पेणला थांबा, शाळेतून देते.

निवांत_नाना | ११ ऑगस्ट, सकाळी ७:३०

भाकऱ्यांबरोबर बादली. मामा असते तर रडले असते.

देवगडी_डोंबिवलीकर | २१ ऑगस्ट, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. बॅग तयार. दशम्या, चटणी, दोन पॉवर बँक, एक साधा फोन (चहा_कटिंगच्या आजींना स्मरून), औषधं, पाण्याची वेगळी बाटली, लेकीचे दोन जोड कपडे, चादर. डॅशकॅम बंद. आईला सांगितलंय की आम्ही रविवारी कधीतरी येऊ. टाकी भरली, रस्त्याने जावं लागलं तर.

बादलीवरून मात्र घरात वाद चाललाय. लेकीचं म्हणणं, बाप्पाला खिडकीशी ठेवायचं, त्याला बोगदे मोजायचेत. एसी डब्याची खिडकी उघडत नाही, हे अजून तिला सांगितलेलं नाही.

सिग्नल_पिवळा | २१ ऑगस्ट, रात्री १०:४१

खिडकीशी ठेवा, पण खाली, पायाशी. टेबलावर नको, ब्रेक लागला की घसरते. बोगदे नव्वदच्या वर आहेत, पण ते अख्ख्या मार्गावर. नांदगावपर्यंत सगळे लागणार नाहीत, तिने मोजून इथे आकडा टाकावा.

मालवणी_गजाली | २१ ऑगस्ट, रात्री ११:०५

शनिवारी रात्री तिठ्यार असंय. धा वाजता नाय इलास तर बारा वाजता बघीन, बारा वाजता नाय इलास तर सकाळी चाय घेवन येतंय. फोन करू नको, नेटवर्क नसता.